पणजोबांची पलटण आणि पणजीचे जाते



वसंतातल्या या व्याख्यानांना आपण येता ते बहुधा थोरामोठ्यांची चरित्रे ऐकावयास. आज आम्ही मात्र ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, लिहावे असे कोणास वाटलेही नाही, अशा एका माणसाविषयी बोलणार आहोत. तो माणूस म्हणजे आमचे पणजोबा. ते सातारा जिल्ह्यातील एका लहान गावचे कुणबाऊ शेतकरी आणि तरुणपणी सात वर्षे पलटणीतले शिपाई. घरच्या माणसाचे कौतुक चारचौघांत करू नये, हे आम्हांस ठाऊक आहे. पण हे कौतुक नव्हे. आमच्या घराण्याने या माणसाविषयी एक चूक केली आणि ती जवळजवळ शंभर वर्षे जपली. ती चूक कशी झाली व कशी उमगली, हेच आज सांगावयाचे आहे. कारण अशीच चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी झाली असण्याचा संभव आहे.

आमच्या गावच्या घरी सोप्यात पणजोबांचा एक फोटो आहे. डोक्यास फेटा, अंगात खाकी, मिशा पिळलेल्या. खाली रंगाने अक्षरे काढलेली : ‘बगदाद जिंकणारे’. लहानपणी आम्ही या फोटोपुढे छाती फुगवून उभे राहत असू. गणेशोत्सवात चुलत आजोबा बगदादच्या लढाईचे वर्णन असे रंगवीत की, तोफांचा धूर आमच्या नाकात जाई. पणजोबांनी स्वतः हे वर्णन कधी केले होते काय, असे विचारावयाचे कोणाच्या मनात आले नाही.

पुढे घराची डागडुजी निघाली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात दोन पदके, एक मळका कागद आणि शेतसाऱ्याच्या पावत्या निघाल्या. पदकांपैकी एक पितळेसारख्या धातूचा तारा होता. तो पालथा केला तर पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपाई क्रमांक, पणजोबांचे नाव आणि ‘११० मराठा लाइट इन्फंट्री’ असे कोरलेले. मळक्या कागदावर नोकरीच्या तारखा होत्या, आणि त्यांच्या मध्ये एक शब्द होता : युद्धकैदी. १९१६ च्या एप्रिलपासून १९१८ अखेरपर्यंत. बगदाद इंग्रजी फौजांनी घेतले ते ११ मार्च १९१७ रोजी. म्हणजे ज्या दिवशी बगदाद जिंकले गेले, त्या दिवशी आमचे बगदाद जिंकणारे पणजोबा तुर्कांच्या कैदेत होते!

घरात दोन तट पडले. थोरल्यांचे म्हणणे, कागद पुन्हा ट्रंकेत ठेवावा आणि कुलूप घालावे. ‘कैदी’ हा शब्द घराच्या नावाला चिकटू नये. आम्ही म्हटले, आधी समजून तर घेऊ.

समजून घ्यावयाचे तर आरंभ शेतापासून केला पाहिजे. पणजोबांचा जन्म १८९३ च्या सुमाराचा. त्यांच्या बालपणी १८९६ साली प्लेग आला, त्याच वर्षी दुष्काळ पडला, आणि १८९९ मध्ये पुन्हा त्याहून मोठा दुष्काळ. अशा घरात चार भाऊ आणि जिरायत जमीन थोडी. पाऊस पडला तर बाजरी, न पडला तर सावकार. त्या काळी पायदळातल्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. आज हसू येईल. परंतु हे ११ रुपये पावसावर अवलंबून नसत, ही त्यांतली खरी किंमत. सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील तरुण मोठ्या संख्येने पलटणीत गेले, त्यामागे शौर्याची परंपरा होतीच. पण कोरडवाहू जमिनीची निकडही होती. ही वाटदेखील सर्वांस सारखी मोकळी नव्हती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केली त्या महार समाजाची भरती इंग्रजांनी १८९० नंतर बंद केली, आणि युद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर ती मोडूनही टाकली. सरकारची लढवय्येपणाची कसोटी गरजेप्रमाणे बदलत असे, हे यावरून दिसते.

पणजोबा १९१२ साली भरती झाले. त्यापूर्वीच त्यांचे लग्न झाले होते. १९१४ च्या नोव्हेंबरात पुणे विभागाची सहावी डिव्हिजन, म्हणजे इंग्रजीत ‘पूना डिव्हिजन’, मुंबईहून बोटींनी इराणच्या आखातात उतरली. उद्देश तेलाच्या साठ्यांचे व आखाताचे रक्षण. बसरा लवकर हाती आले. मग नदी धरून वर वर जाण्याचा मोह सुरू झाला. जनरल टाउनशेंड यांची फौज बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत पोहोचली. तेथे १९१५ च्या नोव्हेंबरात झालेल्या लढाईत चार हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली, आणि उरलेली फौज माघार घेत तैग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावी आली. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला. त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी.

हा वेढा १४७ दिवस चालला. सोडवण्यास आलेल्या फौजांनी तीनचार वेळा धडका मारल्या. त्यांत सुमारे तेवीस हजार माणसे कामी आली किंवा जखमी झाली, पण वाट फुटली नाही. आत मुख्य शत्रू भूक हा झाला. कोठारात धान्य सापडले, पण पीठ करावयाचे कशाने? तेव्हा विमानांतून जात्याचे दगड खाली टाकण्यात आले! आकाशातून जाती पडल्याचे हे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल. पुढे एप्रिलमध्ये विमानांतून धान्याच्या गोणीही टाकल्या. वेढ्यातील फौजेला आकाशमार्गे रसद पुरवण्याचा हा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पण इतक्या तोंडांना ती पुरणार कशी? ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन रात्री निघाली, ती तुर्कांनी वाटेतच पकडली.

घोडी मारून खाण्याची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांपुढे मोठा पेच पडला. हिंदू व मुसलमान दोघांनीही बहुसंख्येने ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवल्या, तरी पुष्कळजण अखेरच्या दिवसांपर्यंत तयार झाले नाहीत. त्यांना भीती देवाची जितकी होती तितकीच गावाची होती : परत गेल्यावर पंक्तीला कोण बसवून घेईल? हिरव्या भाजीवाचून हिरड्या सुजत, जखमा भरत नसत. शिपाई माळावरचा पाला उकडून खात. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड यांनी शस्त्रे खाली ठेवली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतील बहुसंख्य हिंदी होती.

पुढचा प्रवास वेढ्याहून कठीण. उपाशी माणसांना पायी चालवत बगदादकडे, तेथून समाऱ्यापर्यंत आगगाडीने, आणि मग पुन्हा पायी, वाळवंटातून मोसूल व त्याहीपलीकडे रास-अल-ऐनपर्यंत नेले. तेथे पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामास लावले. उन्हाने, आमांशाने आणि मारहाणीने हजारो माणसे वाटेत व छावण्यांत मेली. एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. याच फौजेत कल्याण मुखर्जी नावाचे एक बंगाली डॉक्टर होते. ते कैदेतच १९१७ साली वारले. त्यांची पत्रे जपून त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, ‘कल्याण-प्रदीप’ हे चरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. शिशिर सर्वाधिकारी या दुसऱ्या बंगाली कैद्याने ‘अभि ले बगदाद’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. आमच्या पणजोबांस लिहिता येत नव्हते, आणि पणजीसही नाही. म्हणून एकाच वाळवंटातून गेलेल्या माणसांपैकी एकाचे पुस्तक झाले, आणि दुसऱ्याच्या फोटोखाली खोटी अक्षरे आली.

आता पणजीकडे वळू. कारण हे चरित्र निम्मे तिचे आहे. नवरा बोटीवर चढला तेव्हा तिच्या पदरी दोन वर्षांचा मुलगा होता. कुतास वेढा पडला आणि पत्रे थांबली. गावात बातमी उठली की पलटण सारी संपली. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी कुंकू पुसण्याविषयी सुचवले. आमचे आजोबा सांगत की, पणजी त्यावर काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी उठून तिने जाते मांडले आणि कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठे लावले. पुढे एक कार्ड आले. अक्षर परक्याचे, पण नाव नवऱ्याचे. शाळेच्या मास्तरांनी ते वाचून दाखवले, आणि भावकीचे तोंड बंद झाले.

तिची लढाई मात्र संपली नव्हती. युद्धाने धान्याचे, कापडाचे, मिठाचे भाव चढले. १९१८ साली पावसाने दगा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईस इन्फ्लुएन्झाची साथ आली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची दुसरी लाट घाटावर पसरली. देशभर एक कोटीहून अधिक माणसे या साथीने नेली. एकेका घरात पाणी देणारे माणूस उरले नाही. पणजीचा मुलगा त्या ऑक्टोबरात गेला. ३० ऑक्टोबरास तुर्कस्तानशी तह झाला आणि कैदी सुटले. बाप वाळवंटातून जगून आला. मुलगा घरच्या उंबऱ्याआत गेला. युद्धभूमी कोणती आणि सुरक्षित जागा कोणती, याचा निवाडा कोणी करावा?

१९१९ च्या आरंभी पणजोबा परतले. मिळालेल्या पैशांतून त्यांनी बैलजोडी घेतली. पुढे चार मुले झाली, त्यांतले तिसरे आमचे आजोबा. पणजोबांनी विहीर खणली, मोट चालवली, वारी केली. पलटणीविषयी ते बोलत नसत. युद्धाचे रुप्याचे पदक एका वाईट साली सोनाराकडे गेले. तारा आणि दुसरे पदक रुप्याची नसल्यामुळे वाचली! आजोबांना बापाच्या दोन सवयी विचित्र वाटत. एक, भाकरीचा तुकडा खाली सांडला तर ते तो उचलून कपाळास लावीत आणि खात. दुसरी, पहाटे बायका दळू लागल्या की ते उठून जात्यापाशी भिंतीस टेकून बसत. बोलत नसत, नुसते ऐकत. घरातल्या बायकांना त्याचा संकोच वाटे. पणजी म्हणे, ‘बसू द्या त्यांना.’ एवढेच. नवऱ्याचे दुःख तिला किती कळले होते, हे या तीन शब्दांवरून आम्हांस कळते. आणि तिचे दुःख त्यांना कळले होते म्हणूनच ते तेथे बसत असावेत, असे आमचे मत आहे.

हे सारे समजल्यावर ‘कैदी’ हा शब्द आम्हांस लाजिरवाणा वाटेना. त्यांना कैद करवले ते भुकेने आणि वरिष्ठांच्या फसलेल्या बेताने. त्या कैदेतून जिवंत येऊन, मेलेल्या मुलाच्या घरात पुन्हा पेरणी करणे यास बगदाद घेण्याहून कमी छाती लागत नाही.

आता आपणांस एक विनंती. अपशिंग्यासारख्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. कित्येक गावांत ‘या गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली’ अशी दगडी पाटी आहे. तिच्यावर आकडा असतो, नावे नसतात. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. तेव्हा नावे शोधावयाची ती आपल्याच घरी. पदक असेल तर त्याची कड व पाठ भिंगाने पाहा. क्रमांक, नाव व पलटण तेथे मिळते. नोकरीचा दाखला, निवृत्तिवेतनाचा कागद, जुनी पत्रे फेकू नका. १९२२ साली पलटणींचे क्रमांक बदलले. जुनी ११० वी ही पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली, हे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही. बेळगावचे मराठा रेजिमेंटचे केंद्र व जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय येथेही चौकशी करता येते. आणि कागद शोधण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा : ते गेले होते तेव्हा मागे घर कोणी चालवले? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात नसते.

आमच्या सोप्यातला फोटो अजून तेथेच आहे. खालची अक्षरे आम्ही खरवडून काढली. थोरल्यांची संमती मिळावयास दोन वर्षे लागली. आता तेथे पणजोबांचे नाव आहे, पलटणीचा क्रमांक आहे आणि ‘कूत, १९१६’ एवढेच. पणजीचा फोटो कधी काढलाच गेला नाही. म्हणून तिच्या जात्याची वरची तळी आम्ही परसातून उचलून आणली आणि फोटोखाली भिंतीशी टेकवून ठेवली आहे. ज्या ठिकाणी पणजोबा पहाटे टेकून बसत, तीच ती भिंत.