मांडवीवरील पाच मिनिटांची वाट : फेरीबोट आणि तिचे कार्य

गोमंतकाची भूमी नद्यांनी विणलेली आहे. पूर्वी या भूमीत एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे म्हणजे कोठेतरी पाणी ओलांडणे क्रमप्राप्तच असे. आज मोठमोठे पूल उभे राहिले आहेत. तरीही पणजीच्या धक्क्यावरून समोरच्या तीरावरील बेतीकडे जाणारी फेरीबोट आपले काम करीतच आहे. हा प्रवास अवघ्या पाच-सात मिनिटांचा. तथापि ही सेवा कशी चालते आणि तिचे मोल काय, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगडाच्या रानात म्हादई नदी उगम पावते. तीच पुढे गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. मुखाशी ती केवळ नदी न राहता खाडी बनते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरपर्यंत वरखाली होते. फेरीबोटीची सारी रचना या एका गोष्टीशी निगडित आहे.

बोट आणि उतार

नेहमीच्या बंदरात जहाज उभ्या भिंतीच्या धक्क्याला लागते. फेरीबोटीसाठी मात्र किनाऱ्यावर पाण्यात शिरणारा सिमेंट-काँक्रीटचा तिरपा उतार बांधलेला असतो. पाणी चढलेले असो वा उतरलेले, उताराच्या कोणत्या ना कोणत्या भागाशी बोट लागू शकते. बोटीचा तळ सपाट असल्याने तिला फार खोल पाणी लागत नाही. तिच्या टोकाशी खाली सोडता येणारी फळी असते. ती उतारावर टेकली की माणसे, सायकली, मोटारसायकली आणि मोटारी थेट आत येतात. यात क्रेन लागत नाही की शिडी लागत नाही.

नवख्या प्रवाशाला एका गोष्टीचे नवल वाटते. बोट समोरच्या धक्क्याच्या रोखाने सरळ न जाता थोडी तिरकी चालते. ओहोटीच्या वेळी पाणी समुद्राकडे ओढ घेते. चालकाने नाक सरळ धक्क्याकडे धरले, तर प्रवाह बोटीला खाली वाहून नेईल. म्हणून तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोख धरतो, आणि नदीची ओढ व इंजिनाचे बळ यांचा मेळ बसून बोट नेमकी धक्क्यावर येते. भरतीच्या वेळी हेच गणित उलटे होते. मध्येच एखादी बार्ज किंवा मच्छीमारी होडी आडवी आली, तर तिची वाट पाहावी लागते. हे कौशल्य नुसत्या पुस्तकातून मिळत नाही. ते वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी बाणते.

पावसाळ्यात नदीला पूर येतो आणि प्रवाह गढूळ व वेगवान होतो. आग्वादजवळ नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यामुळे त्या काळात मोठ्या बार्जांना मुखातून समुद्रात जाणे धोक्याचे ठरते. त्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव बंदर गाठतात. नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटी मात्र मुखाच्या आतल्या पाण्यात चालत असल्याने पावसातही आपली सेवा देऊ शकतात.

पूल कोसळला तेव्हा

फेरीबोटीचे खरे मोल गोमंतकीयांनी १९८६ साली अनुभवले. त्या वर्षी ५ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात, मांडवीवरील नेहरू पूल कोसळला. बार्देश, पेडणे, डिचोलीकडील लोकांची राजधानीशी असलेली प्रमुख वाट एकाएकी तुटली. शाळकरी मुले, कचेरीत जाणारे कर्मचारी, बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या व कोळिणी, आजाऱ्याला घेऊन येणारे नातेवाईक या सर्वांचा भार पुन्हा जलमार्गावर आला. १९९२ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत हे दिवस लोकांनी काढले. पूल झाला म्हणून धक्का मोडीत काढू नये, हा धडा त्यातून मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावरही तो धडा जुना झालेला नाही.

बेटांवरील जीवन

चोडण व दिवाडी या बेटांवरील रहिवाशांना तर फेरीबोट म्हणजे घराचा उंबरठाच होय. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या बोटीने डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहणारे पर्यटकही जातात. दिवाडीहून नार्वेकडे पाणी ओलांडले की श्री सप्तकोटेश्वराचे देवस्थान लागते. त्याचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. जुलै २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो पद्धतीची मोठी बोट सुरू झाली. साधने बदलतात, परंतु रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले की बेटावरील माणसाचे लक्ष प्रथम धक्क्यावरील दिव्याकडेच जाते.

राज्याच्या नदी परिवहन खात्याचे मुख्य कार्यालय बेती येथेच आहे. चालक, इंजिनावरील कामगार आणि दोर सांभाळणारे खलाशी यांच्या हाती रोज शेकडो जीव सोपविलेले असतात. प्रवाशांनीही त्यांना साथ द्यावी. फळी पूर्ण टेकल्यावाचून चढू वा उतरू नये. ओहोटीनंतर उघडा पडलेला उतार शेवाळाने निसरडा होतो, तेथे मुलांचा हात धरावा. वाहनाचे इंजिन बंद ठेवावे. जागा भरली असे खलाशाने सांगितल्यास हुज्जत न घालता पुढच्या फेरीची वाट पाहावी. त्यात काही मिनिटे जातील. पण भरलेल्या बोटीत आणखी एक वाहन घुसविण्याच्या घाईची किंमत कोणाला आणि किती मोजावी लागेल, हे नदीच्या मध्यावर सांगता येत नाही.