कात्री नको, सुई द्या

श्रोतेहो, चंद्रपूर जिल्ह्याला लागूनच, वर्धा जिल्ह्यात, गिरडची टेकडी आहे. तेथे शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तेथे जातात. तुमच्यापैकी चिमूर-वरोऱ्याकडच्या पुष्कळांनी ती टेकडी चढली असेल, आणि तिथले गोल गोल दगडही हातात घेऊन पाहिले असतील. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत खनिज साठून असे दगड होतात, असे शास्त्र सांगते. लोकांची गोष्ट मात्र निराळी. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी म्हणे बाबांची टवाळी केली. बाबांनी त्यांच्या साऱ्या मालाचे, नारळाबिरळांचे, दगड करून टाकले! व्यापारी गयावया करू लागले. तेव्हा बाबांनी झाडाची वाळकी पाने घेतली आणि त्यांतून सगळा माल पुन्हा उभा करून दिला. ते दोघे मग बाबांच्याच सेवेत राहिले. त्यांच्या म्हणून दोन कबरी टेकडीवर दाखवतात.

आता पाहा, सांगणारा बहुधा दगडांपाशीच थांबतो. पानांचा भाग कोणी रंगवून सांगत नाही. पण ते व्यापारी राहिले कशामुळे? दगडांनी ते नुसते घाबरले होते.

बाबा स्वतः गिरडला आले होते की नाही, या वादात आपण शिरू नये. ते १२६५ च्या सुमारास पंजाबात, पाकपट्टणला वारले. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया हे त्यांचे शिष्य. निजामुद्दीनांच्या बैठकीतले बोलणे अमीर हसन नावाच्या कवीने १३०८ पासून लिहून ठेवले. या हसनची कबर आपल्या महाराष्ट्रात, खुलदाबादला आहे. त्याच्या पुस्तकात फरीद बाबांची एक आठवण येते. कोणी त्यांना कात्री भेट म्हणून आणली. बाबांनी ती नको म्हणून सुई मागितली. कापणे हे आपले काम नव्हे, जोडणे आहे, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्याचे वैगुण्य झाकावे, हा सूफींचा मोठा दंडक. चारचौघांत एखाद्याची चूक काढण्याऐवजी जुन्या काळच्या कोणा फकिराची गोष्ट सांगायची. ज्याला लागायची त्याला ती लागते. इतरांना ती नुसती गोष्ट. विजापूरकडच्या सूफींनी तर दखनी भाषेत जात्यावरची गाणी रचली. बाया दळता दळता म्हणत आणि उपदेश पिठाबरोबर घरात जाई. जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्यांना हे काय समजावून सांगायचे!

शिक्षक मंडळींनो, भामरागड-एटापल्लीकडचे मूल घरी माडिया बोलते. मोहफुले वेचायच्या दिवसांत ते चार दिवस शाळेत येत नाही. पाचव्या दिवशी त्याला वर्गापुढे उभे करून झापले, तर सहाव्या दिवशी ते फिरकेलच असे नाही. त्यापेक्षा मोह कोणत्या झाडाखाली जास्त पडला ते त्याला विचारा, टोपल्या मोजायला लावा, आणि बुडालेले गणित त्यातच घाला. चोरी-लबाडीचे एवढ्यावर भागत नाही, हे खरे. तेथे दम द्यावाच लागतो. पण तो एकट्याला बाजूला घेऊन द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसायला त्यालाच बोलवावे.