भिंगांच्या गावातली शाळा

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराचा संसार प्रकाशावर चालत आला. बाउश अँड लॉम्बचे चष्मे आणि सूक्ष्मदर्शक इथले, ईस्टमन कोडॅकचे कॅमेरे इथले. पण चांगली काच यायची जर्मनीहून. पहिल्या महायुद्धात ती वाट बंद झाली आणि हे परावलंबन अमेरिकेला जाचू लागलं. पुढे १९२९ मध्ये याच दोन कंपन्यांच्या पाठबळावर रॉचेस्टर विद्यापीठात ‘इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्टिक्स’ सुरू झाली. केवळ प्रकाशकी शिकवणारी अमेरिकेतली ही पहिली संस्था.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून रुडॉल्फ किंग्जलेक इथे शिकवायला आले. त्यांचे गुरू ए. ई. कॉनरेडी हेच त्यांचे सासरे. पत्नी हिल्डा स्वतः प्रकाशकीच्या जाणकार. भिंगाच्या एकेका पृष्ठभागावर किरण किती वळतो, हे तेव्हा कोष्टकं घेऊन हातानेच काढावं लागे. प्रतिमेतला एक दोष आवरला की दुसरा वर येई. पुढे किंग्जलेक कोडॅकच्या भिंगरचना विभागाचे प्रमुख झाले, पण शिकवणं त्यांनी सोडलं नाही. कारखान्यासाठी भिंगं घडवणारा माणूसच फळ्यापुढे उभा आहे, हे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांना लाभतं. या संस्थेचं खरं मोल मला इथेच दिसतं. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी संस्था ताठ उभी आहे.

ती निव्वळ कारागिरीची शाळाही कधी नव्हती. ऑप्टिकल फायबरचे आपले नरिंदरसिंग कपानी पन्नाशीच्या दशकात इथे होते. मॅक्स बॉर्न यांच्यासोबत ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑप्टिक्स’ लिहिणारे एमिल वुल्फ १९५९ मध्ये आले आणि इथलेच झाले.

इथली डोना स्ट्रिकलंड ही विद्यार्थिनी जेरार मुरू यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. लेसरचं स्पंद फार तीव्र केलं, तर ते वाढवणाऱ्या काचेलाच इजा करतं, ही त्या काळची मोठी अडचण. दोघांनी ते स्पंद १.४ किलोमीटर लांबीच्या फायबरमधून सोडलं. फायबरमध्ये तांबड्याकडचे रंग पुढे धावतात, निळ्याकडचे मागे राहतात. त्यामुळे स्पंद लांबतं आणि त्याची धार बोथट होते. अशा सौम्य झालेल्या स्पंदाची ऊर्जा निर्धास्तपणे वाढवायची, मग रंग वेगवेगळ्या दिशांना वळवणाऱ्या ग्रेटिंगच्या जोडीवरून नेऊन मागे पडलेले रंग पुढच्यांना गाठून द्यायचे. सगळी ऊर्जा पुन्हा एका निमिषार्धात येते. १९८५ मध्ये आलेला हा स्ट्रिकलंड यांचा पहिलाच शोधनिबंध. त्यासाठी २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं.

कल्पना किती साधी, आणि तरी ती सुचायला फायबर, ग्रेटिंग, लेसर हे सगळं हाताखालचं असावं लागतं! डोळ्याच्या पारपटलावर अतिसूक्ष्म छेद घेणारे लेसर याच तंत्रावर चालतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक अशाच स्पंदांनी घन पदार्थाचा क्षणात प्लाझ्मा करून त्याचा अभ्यास करतात.