हार्ड डिस्कमधील ध्वनी व बिघाड

संगणकातील माहिती फिरत्या तबकड्यांवर चुंबकीय स्वरूपात साठविणाऱ्या साधनास हार्ड डिस्क म्हणतात. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये सादर केलेल्या अशा पहिल्या साधनात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांत सु. ५० लक्ष अक्षरे मावत. आधुनिक साधनातील तबकड्या ॲल्युमिनियमाच्या वा काचेच्या असून त्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या गतीला ९५ मिमी. व्यासाच्या तबकडीची कड ताशी सु. १३० किमी. वेगाने फिरते. वाचन-लेखन शीर्ष तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असल्याने सूक्ष्म धूलिकणही घातक ठरतो.

लक्षणे : सौम्य घरघर स्वाभाविक होय. ठरावीक अंतराने होणारी टकटक बहुधा शीर्षाला तबकडीवरील स्थानदर्शक संकेत सापडत नसून ते पुनःपुन्हा मूळ जागी परतत असल्याचे दर्शविते. कर्कश खरखर शीर्ष तबकडीला घासत असल्याचे किंवा धारवा झिजल्याचे चिन्ह असते. मात्र नेहमीसारखा आवाज ही सुस्थितीची हमी नव्हे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या स्वयंनिरीक्षण यंत्रणेतील चार प्रमुख निर्देशकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिली नव्हती.

उपाय : डिस्क नवी मिळते, माहिती मिळत नाही, म्हणून दुरुस्तीपूर्वी माहिती वाचविणे इष्ट. डिस्क वाचता येत असल्यास महत्त्वाच्या फायली प्रथम दुसऱ्या साधनावर उतरवाव्यात. त्याच डिस्कवर नवे लेखन करू नये व दुरुस्तीच्या आज्ञावली चालवू नयेत. खरखर होत असल्यास किंवा टकटक थांबत नसल्यास वीज तत्काळ बंद करावी; प्रत्येक पुनःप्रयत्नाने तबकडीवरील लेप अधिक खरवडला जाण्याचा धोका असतो. डिस्क उघडण्याचे काम धूलिमुक्त कक्षातच करतात. ती शीतकपाटात ठेवण्याचा रूढ उपाय अपायकारक आहे. हरसूल (ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक) यांसारख्या सह्याद्रीच्या पावसाळी भागातील दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यावर बाष्प साचते.

प्रतिबंध : लेखन चालू असताना वीज गेल्यास फाइल अर्धवट राहू शकते, यूपीएसमुळे हे टळते. हलते भाग नसलेली घन-अवस्था साधने (एसएसडी) बिघडताना असा आवाजही करीत नाहीत. यास्तव शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, कौटुंबिक छायाचित्रे इत्यादींच्या मूळ साठ्याखेरीज किमान दोन प्रती, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय.