कोठी, कर्ज आणि काही पक्के गैरसमज

एप्रिल लागला की आमच्या घरी पत्र्याची कोठी अंगणात निघायची. आई ती आतून कोरड्या फडक्याने पुसायची, दिवसभर उन्हात तापवायची. गव्हाचं पोतं सुटलं की मूठभर गहू हातावर घेऊन एक दाणा दाताखाली धरायची. कट्कन तुटला तर गहू कोठीत, नुसताच चेपला तर आणखी दोन उन्हं. तो गहू दुकानातून उधारीवर यायचा आणि ती उधारी दिवाळीचा बोनस हातात आल्यावरच फिटायची, हे मला मोठेपणी कळलं. भरलेली कोठी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. उधारीची वही दुकानदाराच्या गल्ल्याखाली असायची.

बचत गटातल्या बायकांबरोबर घरखर्चाचे हिशेब मांडायला मी बसते, तेव्हा दर उन्हाळ्यात हाच प्रश्न निघतो. हातात आलेले सहा-सात हजार धान्यात घालायचे की कर्जात? उत्तर घरागणिक वेगळं असतं. त्याच्या आड येणारे समज मात्र सगळीकडे सारखेच आहेत.

गैरसमज: वर्षाचं धान्य एकदम भरलं की फायदा ठरलेलाच.

वस्तुस्थिती: फायदा असतो, पण तो मोजावा लागतो. समजा, चौघांच्या घराला महिन्याला १५ किलो गहू लागतो, म्हणजे वर्षाला १८० किलो. हंगामात तो ३४ रुपयांनी मिळाला तर ६,१२० रुपये जातात. त्याऐवजी दर महिन्याला घेत गेलो, भाव चढत चढत ४० वर पोचला आणि सरासरी ३७ पडली, तर ६,६६० जातील. वाचले ५४० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या गावचा भाव घालून हाच हिशेब करून पाहा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते ६,१२० रुपये वर्षभर अडकून राहत नाहीत. कोठी महिन्यामहिन्याला रिकामी होत जाते, त्यामुळे सरासरी निम्मेच, म्हणजे ३,०६० रुपये अडकलेले असतात. त्यावर ५४० रुपयांची बचत म्हणजे वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या वर. बँकेची मुदत ठेव एवढं देत नाही. आपल्या आई-आज्यांनी टक्केवारी मांडली नसेल, पण त्यांचा व्यवहार पक्का होता.

आता याच हिशेबात कीड धरा. ९ किलो गहू पोरकिड्याने खाल्ला आणि तेवढाच पुन्हा ४० रुपयांनी आणावा लागला, तर ३६० रुपये गेले. हाती उरले १८०, म्हणजे सहा टक्केही नाहीत. साडेआठ टक्क्यांचं घरकर्ज असेल आणि धान्य नीट राहिलं, तर कोठी भरणं परवडतं. महिना दोन टक्क्यांचं कर्ज असेल, तर त्याच ३,०६० रुपयांवर वर्षाला ७३४ रुपये व्याज होतं. बचतीचे ५४० त्यात जातात आणि वर पदरचे १९४.

गैरसमज: महिना दोन टक्के म्हणजे किरकोळच की.

वस्तुस्थिती: शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के आणि शेकडा पाच म्हणजे ६०. बँक व्याज वर्षाचं सांगते, गट आणि सावकार महिन्याचं. 'बँकेचे नऊ, आमचे दोनच' हे ऐकायला गोड लागतं, म्हणून हा घोटाळा होतो. परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावं यालाही मर्यादा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्याखाली ठरलेले दर वर्षाचे आहेत: शेतकऱ्याला तारणी कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. शेकडा पाचने पैसे देणारा माणूस आपल्यावर उपकार करत नसतो, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

गैरसमज: क्रेडिट कार्डावर धान्य घेतलं की दीड महिना बिनव्याजी.

वस्तुस्थिती: मागचं बिल पूर्ण चुकतं केलं असेल तरच. बाकी पुढे ओढत असाल आणि दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' तेवढा भरत असाल, तर नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. बहुतेक कार्डांचा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२. वरच्याच गव्हावर हे व्याज १,२८५ रुपये होतं, आणि तेही ५४० रुपये वाचवण्याच्या नावाखाली. कार्डाची बाकी असलेल्या घराने वर्षाचं पोतं मागवू नये. महिन्याचा किराणा रोखीने आणावा आणि उरलेला रुपया न् रुपया कार्डात भरावा. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

गैरसमज: वाळवून ठेवलं की धान्य कुठे जातंय?

वस्तुस्थिती: प्रत्येक धान्याचा स्वभाव वेगळा. नीट वाळलेला गहू वर्षभर टिकतो. तांदूळ तर जुना झाला की मोकळा शिजतो, म्हणून बाजारात जुन्याला जास्त भाव असतो. अख्ख्या कडधान्यांचं तसं नाही. मूग, चवळी, हरभरा यांच्यावर भुंगा पुष्कळदा शेतातच अंडी घालतो, ती दाण्याबरोबर आपल्या घरी येतात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत दाण्याला भोकं दिसू लागतात. भरडून डाळ केली की हा धोका बराच कमी होतो. पीठ, रवा, शेंगदाणे महिन्या-दोन महिन्यांपुरतेच आणावेत. बाजरीचं पीठ तर काही दिवसांतच कडू पडतं. कर्ज असलेल्या घराने साठवायचंच तर गहू, तांदूळ, तूरडाळ एवढंच साठवावं. 'स्वस्त मिळालं' म्हणून आणलेलं दहा किलो चवळीचं पोतं श्रावणात कोंबड्यांपुढे टाकलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याचे पैसे गटातून काढलेले होते.

कीड लागू नये म्हणून कुणी एरंडेल चोळतं, कुणी कडुनिंबाचा पाला घालतं. ते ठीक आहे. पण काही घरांत शेतीच्या दुकानातून सेल्फॉसच्या गोळ्या आणतात. कृपा करून आणू नका. ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. ते औषध प्रशिक्षित माणसांनी बंद गोदामात वापरायचं असतं. ज्या खोलीत लेकरं झोपतात तिथल्या कोठीत ते घातल्याने अख्खं घर गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

गैरसमज: डोक्यावर कर्ज असताना साठवण म्हणजे चैन. आधी सगळं फेडा, मग कोठीकडे बघा.

वस्तुस्थिती: हा सल्ला बहुधा दरमहा पगार घेणारा माणूस देतो. २४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा ज्यांनी हातातली सगळी रोकड हप्त्यात भरून टाकली होती आणि डब्यात चार दिवसांचं पीठ होतं, त्यांच्यावर काय गुदरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. टाळेबंदी रोज येत नाही; आजारपण, पावसाळ्यातली बंद पडलेली मजुरी, अडकलेला पगार हे येतच असतं. अशा वेळी घरात दाणा नसेल तर माणूस मिळेल त्या दराने पैसे उचलतो. गटाचे दोन टक्के फेडले म्हणून जरा श्वास घ्यावा, तर पाठोपाठ सावकाराचे पाच टक्के गळ्यात पडतात.

म्हणून कर्ज कितीही असो, महिना-दीड महिना पुरेल एवढं धान्य, डाळ, तेल, मीठ घरात हवंच. चौघांच्या घराला ते बाकीच्या खर्चाच्या मानाने फार महाग पडत नाही. ते एकदम आणायचीही गरज नाही. दर महिन्याच्या किराण्यात दोन किलो तांदूळ, एक किलो डाळ जास्त घेत गेलं की चार-पाच महिन्यांत शिल्लक जमते. जुनं आधी वापरायचं, नवं मागे ठेवायचं.

रेशनकार्ड असेल तर त्याचा हिशेब आधी करा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते न उचलता कर्जाच्या पैशातून गहू भरू नये.

गैरसमज: पिकवणाऱ्याने माल धरून ठेवला की भाव मिळतोच.

वस्तुस्थिती: २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. ते बघून पुढच्या हंगामात तुरीचा पेरा वाढला, पाऊसही साथीला होता. २०१६-१७ मध्ये तुरीचा हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात तूर त्याखाली विकावी लागली. ज्यांनी कर्ज थकवून माल धरला होता, त्यांचा भावही गेला आणि व्याजही चढलं. पीककर्जाचं तर वेगळंच आहे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ती सवलत गेली.

मग मिळेल त्या भावाने सगळं विकायचं का? नाही. वर्षाचं खाण्याचं धान्य आधी बाजूला काढावं; तेच पुढे दुकानातून किरकोळ भावाने आणावं लागतं. उरलेल्यासाठी बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना आहे. १९९० पासून राज्य कृषी पणन मंडळ ती चालवतं. तूर, सोयाबीन यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला ६ टक्क्यांनी, १८० दिवसांसाठी मिळते. त्यातून पीककर्ज मुदतीत फेडता येतं आणि माल पडत्या भावाला द्यावा लागत नाही. आपल्या बाजार समितीत ही योजना सुरू आहे का, हे हंगामाआधीच विचारून ठेवावं.

या उन्हाळ्यात गव्हाच्या पोत्याची मागणी नोंदवण्याआधी घरातले कर्जाचे सगळे कागद काढा आणि प्रत्येकासमोर वर्षाचा व्याजदर लिहा. महिन्याचा असेल तर बाराने गुणा. पंधरा टक्क्यांच्या वरचा एकही आकडा त्यात असेल, तर यंदा दीड महिन्याचंच धान्य भरा आणि बाकीचे पैसे त्या कर्जात घाला. ते फिटलं की पुढच्या एप्रिलमध्ये कोठी काठोकाठ भरा, रोखीने.