नगरधन, रामटेक, मनसर : वाकाटकांच्या राजधानीची वाट

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघाले की कामठी आणि कन्हान मागे पडतात आणि सुमारे 45 किलोमीटरवर मनसर लागते. तिथून पूर्वेला वळले की रामटेक, आणि रामटेकच्या दक्षिणेला नगरधन. सरळ रेषेत मोजले तर या तिन्ही गावांमध्ये कुठेच दहा किलोमीटरहून जास्त अंतर नाही. रामटेकला लोक रामाच्या दर्शनाला जातात, मनसर वाटेत दिसते तेवढेच, आणि नगरधनचा किल्ला भोसल्यांचा म्हणून ओळखला जातो. पण पंधराशे वर्षांपूर्वी हा सगळा टापू एकाच राज्याचे केंद्र होता. ते राज्य वाकाटकांचे.

वाकाटकांचे नाव महाराष्ट्राला अजिंठ्यामुळे माहीत आहे. तिथली बरीच लेणी या घराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेच्या काळातली. थोरली शाखा मात्र नंदिवर्धनहून राज्य करत होती, आणि नंदिवर्धन म्हणजेच आजचे नगरधन. साधारण इ.स. 250 ते 500 हा या घराण्याचा काळ. 439 साली उत्तर आफ्रिकेतले कार्थेज रोमनांच्या हातून व्हँडल टोळ्यांकडे गेले, त्या सुमारास इथल्या गादीवर दुसरा प्रवरसेन होता. रोमन आफ्रिकेतल्या तिमगाडसारख्या शहरांत फरसबंद रस्ते आणि दगडी कमानी अजून उभ्या आहेत. तिथे फिरताना शहर डोळ्यांनी दिसते. वाकाटकांची वस्ती विटामातीची होती आणि ती जमिनीखाली गेली. वर उरली ती देवळे, आणि उरले ताम्रपटांवरचे लेखन. त्यामुळे इथे पाहणे आणि वाचणे बरोबरीने करावे लागते.

म्हणून या फेरीची खरी सुरुवात नागपुरातच होते, मध्यवर्ती संग्रहालयात. 1863 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. नगरधनला लागून असलेल्या हमलापुरीत सापडलेल्या बुद्धाच्या धातुमूर्ती या संग्रहालयाकडे आहेत. शिव आणि विष्णू मानणाऱ्या राजांच्या राजधानीच्या कुशीत बौद्ध उपासकही राहत होते, एवढे त्यांवरून कळते.

पुढचा टप्पा नगरधन. वरवर दिसतो तो मध्ययुगीन किल्ला: तटबंदी, बुरूज, दरवाजा, आत विहीर आणि विहिरीच्या अंगाने जमिनीखाली असलेले देवीचे ठाणे. हे सारे अलीकडचे. जुने शहर गावाच्या आणि शेतांच्या खाली आहे. 2015 ते 2018 या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांनी इथे उत्खनन केले. मातीची भांडी, काचेची कर्णभूषणे, मातीच्या बांगड्या, लोखंडी छिन्नी, एक साधीशी गणेशमूर्ती, जनावरांची हाडे अशा रोजच्या जगण्यातल्या वस्तू निघाल्या. त्यांतच एक मातीची मुद्रा होती. लंबगोल आकार, लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वजन 6.40 ग्रॅम. तळहातावर ठेवली तर चिंचोक्याहून बरीच मोठी भरेल. तिच्यावर शंखाची आकृती आणि ब्राह्मी लिपीत एका स्त्रीचे नाव: प्रभावतीगुप्ता.

या तीन गावांना एका सूत्रात बांधते ती हीच स्त्री. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातली कुबेरनागा यांची मुलगी. तिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला. रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान होती, आणि कारभार तिच्या हाती आला. पुण्याला मिळालेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. त्यावर युवराज दिवाकरसेनाचे तेरावे वर्ष नोंदलेले आहे, म्हणजे तेव्हाही राज्य तीच चालवत होती. या ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून. गोत्रही तिने माहेरचेच, धारण, सांगितले आहे; सासरचे विष्णुवृद्ध गोत्र लावलेले नाही. नाममात्र राजमाता असे लिहून घेणार नाही. नगरधनची मुद्रा हाती आल्यावर ताम्रपटातल्या या बाईच्या कचेरीचा पत्ताच जणू जमिनीतून वर आला. तिथून सुटणाऱ्या लखोट्यांवर तिच्या नावाचा छाप उमटत होता, मुलाच्या नव्हे.

नगरधनहून रामटेकचा डोंगर समोर दिसतो. प्रभावतीचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला, आणि तो रामगिरीच्या स्वामीच्या पायांशी बसून दिलेला आहे. रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले. कालिदासाच्या मेघदूतातला यक्षही रामगिरीवरच राहतो. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे मिराशींचे मराठी पुस्तक अजूनही या विषयाचे पहिले पुस्तक म्हणून हाती घ्यावे असे आहे. रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे, आणि 1997 मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठही इथलेच.

डोंगर पाहण्याची नेहमीची पद्धत म्हणजे थेट गडमंदिर गाठायचे, राम-लक्ष्मणाचे दर्शन घ्यायचे आणि खिंडसी तलावाकडे वळायचे. वाकाटकांसाठी आलेल्याने मात्र गडाच्या आधीच थांबले पाहिजे. वाटेवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन बुटकी देवळे आहेत. लाल वालुकाश्माची, सपाट छताची, शिखर नसलेली. लहान मंडपात आखूड, जाड खांब, त्यांवर कोरलेली कमळे, आणि आत अंधारात बसलेला भव्य नरसिंह: एक गुडघा उभा, हातात चक्र. हा हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह नव्हे. हा निवांत आहे, दरबारात बसलेल्या राजासारखा. उन्हातून आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला क्षणभर वेळ लागतो, आणि मग ती बलदंड छाती आणि आयाळ हळूहळू दिसू लागते.

केवल नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. शतकानुशतके तो चुन्याच्या थरांखाली झाकलेला होता. 1980 च्या दशकात उजेडात आला. तो बराच झिजला आहे. जे वाचता येते त्यावरून प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी ‘प्रभावतीस्वामी’ या नावाने देवालय उभारले, असा अर्थ लागतो. मुलीने आईच्या नावे बांधलेले देऊळ, आणि ते पाचव्या शतकात! रामटेकला गेलेल्या प्रत्येकाला हे आवर्जून सांगायला हवे.

वर, गडाच्या पहिल्या दरवाज्याशी, वराहाची अजस्र मूर्ती आहे. चारी पायांवर उभा असलेला हा दगडी वराह वाकाटकांच्याच काळातला. भाविक त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जातात. पापी माणूस अडकतो, अशी समजूत. पुढचा तट, दरवाजे आणि आजचा गड भोसल्यांच्या काळात सजला. मधला काळ दाखवणारा तेराव्या शतकाअखेरचा यादवकालीन शिलालेख लक्ष्मणमंदिरात आहे. पायथ्याच्या अंबाळा तलावाचे घाट आणि श्राद्धविधी, कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा, रामटेकचे पानमळे यांसाठी वेगळा दिवस काढलेला बरा.

परतीच्या वाटेवर मनसर. मँगनीजच्या खाणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळ हिडिंबा टेकडी आहे. तिच्या उत्खननात विटांचे एक प्रचंड देवस्थान निघाले: टप्प्याटप्प्याने चढत जाणारे चौथरे, आत-बाहेर दुमडत जाणारे कोन, भिंतीतले कोनाडे. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने स्थापन केलेले प्रवरेश्वर नावाचे शिवालय ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची नवी राजधानी प्रवरपूर मिराशींनी वर्ध्याजवळच्या पवनारला मानली होती. मनसरच्या उत्खननानंतर ती इथेच असावी, हे मत बळावले. आई विष्णुभक्त, मुलगा शिवभक्त. टेकडीवरच्या विटांवर उभे राहून पूर्वेला पाहिले की आईचा डोंगर दिसतो. या मुलाने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ हे काव्य रचले, आणि त्याचा विषय आहे रामाची लंकेवरची स्वारी.

या फेरीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. विदर्भाच्या उन्हाळ्यात उघड्या विटांच्या टेकडीवर दुपारी थांबणे अशक्य असते. रामटेकला नागपूरहून एस.टी. आहे आणि इतवारीहून रेल्वेही. नगरधन आणि मनसर एकाच दिवसात जोडायचे तर स्वतःचे वाहन हवे. तिन्ही ठिकाणांची गोष्ट सलग सांगणारे फलक तिथे लावले, तर दर्शनाला आलेली माणसेही नगरधनपर्यंत जातील.

मनसरची सर्वांत प्रसिद्ध मूर्ती मात्र मनसरला पाहता येत नाही. 1972 मध्ये इथे सापडलेली ही लाल दगडाची बैठी मूर्ती अंगाने स्थूल, कुरळ्या बटांची आणि प्रसन्न चेहऱ्याची आहे. कुणी तिला शिव म्हणतात, कुणी शिवाचा गण. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.