जोडी फोडू नका, चिन्ह फिरवा!

मेंदूच्या स्कॅनवर आज रोज चालणाऱ्या एका चाचणीचा माग काढत गेलं की आपण पोचतो मक्याच्या रोपांपाशी! परपरागणाची रोपं उंच होतात की स्वपरागणाची, याचे आकडे चार्ल्स डार्विनने १८७६ साली छापले. त्यात मक्याच्या १५ जोड्या होत्या. १९३५ मध्ये रोनाल्ड फिशरने त्या पुन्हा हाती घेतल्या. परागणाने काहीच फरक पडत नसेल, तर जोडीतलं कोणतं रोप उंच हे नाणेफेकीसारखंच ठरणार. म्हणजे प्रत्येक फरकापुढचं अधिकचं चिन्ह उणे किंवा उण्याचं अधिक झालं असतं तरी चाललं असतं. १५ जोड्यांच्या अशा ३२,७६८ शक्यता. फिशरने संगणकाशिवाय हिशेब लावला: डार्विनला मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक, दोन्ही बाजू धरून, १,७२६ वेळा येतो. म्हणजे ५.२७ टक्के. नेहमीच्या टी-टेस्टचं उत्तर ४.९७ टक्के. किती जवळ!

आता रोपांच्या जागी माणसं. एकाच माणसाचे दोन स्कॅन, औषधाआधी आणि औषधानंतर. औषध निरुपयोगी असेल, तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही लेबलं बदलली तरी बिघडत नाही. अट एकच, अदलाबदल त्याच माणसाच्या दोन स्कॅनमध्ये करायची. दहा जणांच्या वीस स्कॅनची सरमिसळ केली तर १,८४,७५६ मांडण्या मिळतात, जोड्या राखल्या तर फक्त १,०२४. मोठा आकडा मोहात पाडतो, पण माणसामाणसांतला प्रचंड फरक त्यात औषधाच्या परिणामात मिसळून जातो. तो फरक बाजूला काढण्यासाठीच तर जोड्या केल्या होत्या.

पाचच माणसं असली तर? मांडण्या ३२. दोन्ही बाजूंनी तपासायचं तर सर्वांत लहान पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा किंवा मोठा फरक येण्याची शक्यता, ३२ पैकी २, म्हणजे ०.०६२५. निकाल कितीही झगझगीत असो, ०.०५ ची रेषा ओलांडता येतच नाही! वीस जणांत उलट अडचण, १०,४८,५७६ मांडण्या. मग त्यातल्या काही हजार नशिबावर निवडतात. ऑक्सफर्डच्या एफएसएल या सॉफ्टवेअर-संचातलं ‘रँडमाइज’ सांगितलं नाही तर ५,००० घेतं. मूळ मांडणीही त्यात मोजायची असते, म्हणून पी-मूल्य कधीच शून्य होत नाही.

मेंदूत मात्र एक आकडा नसतो. दोन मिलिमीटरच्या घन ठिपक्यांत, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, चिरला तर दोन लाखांच्या आसपास ठिकाणं होतात. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के चूक चालवली तर दहा हजार ठिपके उगाच उजळतील. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले, तेव्हा त्याच्याही मेंदूत ठिपके उजळले; अनेक तुलनांची दुरुस्ती करताच विझले. २०१२ चं इग नोबेल त्यालाच मिळालं.

यावर पर्म्युटेशनचा, म्हणजे याच अदलाबदलीचा, उपाय मला फार सुंदर वाटतो. प्रत्येक फेरीत माणसाच्या दोन स्कॅनमधल्या फरकाच्या अख्ख्या प्रतिमेचं चिन्ह एकदम फिरवायचं, त्यामुळे शेजारच्या ठिपक्यांचं आपसातलं नातं जसंच्या तसं राहतं. मग सगळ्या मेंदूतला सर्वांत मोठा आकडा तेवढा टिपायचा. खऱ्या निकालाने या कमाल आकड्यांच्या ९५ टक्क्यांवर मात केली, तरच तो ग्राह्य.

२०१६ मध्ये अँडर्स एकलुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुट्सन यांनी ४९९ निरोगी माणसांचे विश्रांतीतले स्कॅन घेऊन जवळपास ३० लाख विश्लेषणं चालवली. त्यांत शोधण्यासारखा खरा परिणाम नव्हताच, तरी नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या, लागून असलेल्या ठिपक्यांचे पुंजके तपासणाऱ्या चाचण्यांत खोटे निकाल पाचऐवजी काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत गेले. पर्म्युटेशन बहुतेक ठिकाणी टिकलं. एकाच गटावर चिन्ह फिरवताना मात्र तेही काही वेळा अडखळलं, कारण चिन्ह फिरवायचं तर चुका शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या हव्यात. जोड्यांना इथे जन्मजात संरक्षण आहे: दोन स्कॅनची खरोखरच अदलाबदल चालत असेल, तर पहिल्यातून दुसरा वजा करा की दुसऱ्यातून पहिला, फरकाचा पसारा आपोआप तसाच समतोल येतो.